दगडाचे वय आणि देवाचे वय

नेवासा तालुक्यातल्या एका शाळेचे प्रदर्शन पाहण्याचा योग मध्यंतरी आला. विज्ञानाच्या नेहमीच्या प्रयोगांबरोबर सातवीच्या मुलांनी आपल्या परिसराची माहिती देणारे तक्तेही केले होते. त्यातला एक तक्ता शनिशिंगणापूरवर होता. वर मोहेंजोदडोच्या शिंगवाल्या देवाची मुद्रा, मध्ये ऋग्वेद असे लिहिलेली एक पोथी आणि खाली चौथऱ्यावर उभी असलेली शनीची काळी शिळा, अशी तीन चित्रे होती. चित्रांमध्ये लाल रंगाचे जाड बाण काढलेले होते आणि खाली लिहिले होते : ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा.’

तक्ता समजावून सांगणाऱ्या मुलीला आम्ही विचारले, “हे बाण कशावरून काढलेत?” ती म्हणाली, “पुस्तकात तसंच आहे, सर.” तिने आणून दाखवलेले पुस्तक म्हणजे तीर्थक्षेत्राच्या दुकानात मिळते तसली पातळ पुस्तिका होती. शेजारी उभे असलेले तिचे शिक्षक हसून म्हणाले, “मग तुम्हीच सांगा, खरं काय ते.” दोन वाक्यांत देता येईल असे उत्तर त्या वेळी आमच्याजवळ नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे, असे समजायला हरकत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. शनीवर श्रद्धा ठेवावी की नाही, हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो त्या लाल बाणांचा. प्राचीन संस्कृती आणि तिचे धर्म यांविषयी बोलताना ‘यातून ते आले’ असे आपण कशाच्या आधारे म्हणतो? आणि तो आधार पुरेसा असतो का?

एका देवाची चार वये

शिंगणापूरच्या देवाला मंदिर नाही. सुमारे साडेपाच फूट उंचीची शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिच्यावर छप्पर नाही, की तिला घडवलेले नाकडोळे नाहीत. पूर आला, पानस नाल्यातून शिळा वाहत आली, गुराख्याने काठी टोचली तेव्हा तिच्यातून रक्त आले, मग स्वप्नात दृष्टान्त झाला आणि मामा-भाच्यांनी मिळून ती उचलली, अशी कथा गावात सांगतात. या कथेत पूर आहे, नाला आहे, नाती आहेत. मात्र साल नाही.

तेव्हा ‘हे किती जुने?’ असा प्रश्न आला, की आपण ‘हे म्हणजे काय?’ असा उलट प्रश्न केला पाहिजे. येथे निदान चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, दगड. दुसरी, अनघड दगडाला देव मानण्याची रीत. तिसरी, त्या देवाला शनी हे नाव. चौथी, शनिवार, शनी-अमावस्या आणि साडेसाती यांभोवती गुंफलेला आचार. या चार गोष्टी एकाच दिवशी जन्मल्या, असे मानायला काहीही कारण नाही.

दगडाचे वय हा भूशास्त्राचा प्रश्न आहे. या परिसरातला काळा पाषाण म्हणजे दख्खनच्या लाव्हारसाचा बेसॉल्ट. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पण या आकड्याचा पूजेशी संबंध नाही, कारण त्या काळी माणूसच नव्हता. दगडातल्या पोटॅशियम आणि अरगॉन यांच्या प्रमाणावरून लाव्हा केव्हा थिजला हे कळते. त्या दगडाला पहिल्यांदा तेल कोणी आणि केव्हा वाहिले, हे त्यावरून कळत नाही. कार्बन-१४ची पद्धत येथे चालत नाही, कारण ती एके काळी जिवंत असलेल्या पदार्थांना लागू पडते. लाकूड, धान्य, हाड यांना. कोणी ‘शास्त्रज्ञांनी शिळेचे वय मोजले’ असे सांगू लागला, तर ‘कोणते वय?’ असे विचारायला मुलांना शिकवावे.

दुसरी गोष्ट, म्हणजे अनघड दगडाची पूजा. ती महाराष्ट्रात गावोगाव दिसते. शेंदूर लावलेला म्हसोबा, देवीचा तांदळा, शिवेवरचा वेताळ या सर्वांचे रूप थोड्याफार फरकाने तेच आहे. ही रीत फार जुनी असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण शेंदूर फासलेल्या दगडाखाली आपण सहसा खणत नाही. त्यामुळे एखाद्या विशिष्ट दगडाची पूजा केव्हा सुरू झाली, हे क्वचितच सांगता येते. ‘रीत जुनी’ आणि ‘हा दगड जुना देव’ ही दोन निराळी विधाने आहेत. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही.

शनिवार आला कोठून?

तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टींबाबत आपले ज्ञान बरेच बरे आहे, कारण येथे ग्रंथ आणि शिलालेख उपलब्ध आहेत.

वेदांगज्योतिषात पाच वर्षांचे युग आहे, नक्षत्रे आहेत, सूर्य आणि चंद्र यांच्या गतीचे गणित आहे. ग्रहांच्या गतीचे गणित त्यात नाही. महाभारतात शनैश्चराचा उल्लेख येतो, पण तो नक्षत्रांच्या संदर्भात. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध केला. महाभारतात मेषादी राशी आणि वार सापडत नाहीत, हे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले आहे. दीक्षित पेशाने शिक्षक होते, हे आमच्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. वाराचा उल्लेख असलेला भारतातला सर्वांत जुना, निश्चित तारखेचा लेख मध्य प्रदेशातल्या एरण येथील स्तंभावर आहे. तो बुधगुप्ताच्या काळातला, गुप्त संवत १६५ म्हणजे इ.स. ४८४ मधला असून त्यात गुरुवार दिला आहे. त्याच्या चारशेहून अधिक वर्षे आधी, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातल्या एका भिंतीवर ग्रहांच्या नावांचे सात वार क्रमाने लिहिलेले सापडले आहेत. त्या यादीचा प्रारंभ शनीपासून होतो.

वारांचा क्रम रवी, सोम, मंगळ, बुध असाच का? आकाशात तर ते या क्रमाने नाहीत. याचे उत्तर पाटीवर काढता येते. ग्रह मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंत मांडा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या २४ तासांना, म्हणजे होरांना, याच क्रमाने एकेक अधिपती द्या. पहिला होरा शनीचा असेल तर तो शनिवार. सातांच्या तीन फेऱ्यांत २१ होरा संपतात. बाविसावा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा रवीचा, म्हणून तो रविवार. असेच पुढे केले की सोमवार, मंगळवार आपोआप येतात.

आता हाच हिशेब आपल्या जुन्या ६० घटिकांच्या दिवसाला लावून पाहा. सातांच्या आठ फेऱ्यांत ५६ घटिका संपतात, चार उरतात. एकसष्टावी, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली घटिका येते शुक्राची! शनिवारनंतर शुक्रवार, मग गुरुवार, मग बुधवार. सगळा आठवडा उलटा फिरतो. म्हणजे वारांचा आजचा क्रम लागण्यासाठी दिवसाचे २४ भाग असणे आवश्यक आहे. ही विभागणी इजिप्त आणि ग्रीस येथून आलेली आहे. आपला देशी दिवस ६० घटिकांचा होता.

यावर एक उत्तर हमखास दिले जाते. ‘अहोरात्र’ शब्दातले पहिले आणि शेवटचे अक्षर गाळले की ‘होरा’ उरते, म्हणून होरा मूळचा संस्कृत शब्द आहे, असे ते उत्तर. हा युक्तिवाद आजचा नाही. काही जण असे म्हणतात, ही नोंद सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानेच ‘बृहज्जातका’त केली आहे. पण शब्दाची दोन्ही टोके कापून नवा शब्द तयार करण्याची रीत संस्कृतात अन्यत्र नाही. आणि ग्रीक भाषेत ‘होरा’ म्हणजे तास, हा शब्द समोर उभा आहे. त्याच ‘बृहज्जातका’त शनीला ‘कोण’ असेही नाव दिलेले आहे. हे शनीच्या ग्रीक नावाचे, ‘क्रोनोस’चे, रूप आहे. एखादा शब्द योगायोगाने जुळू शकेल. पण होरा, केंद्र, कोण अशी रांगच्या रांग जुळते तेव्हा योगायोग म्हणता येत नाही.

साडेसातीचेही तसेच. शनी सूर्याभोवतीची फेरी सुमारे २९.५ वर्षांत पूर्ण करतो. त्याला बाराने भागले की एका राशीत सुमारे २.४६ वर्षे होतात आणि तीन राशींत ७.४. साडेसात वर्षांचा हिशेब निरीक्षणाशी चांगला जुळतो, यात शंका नाही. शनैश्चर म्हणजे हळू चालणारा, हे नावही त्याच निरीक्षणातून आले. परंतु हा हिशेब बारा राशींशिवाय मांडता येत नाही, आणि बारा राशी येथे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आल्या. नऊ ग्रहांची शांती आणि त्यांच्या प्रतिमा कोणत्या धातूच्या कराव्यात याची माहिती याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. तो ग्रंथही याच शतकांतला.

तेव्हा तक्त्यावरचा ऋग्वेदापासून शिळेपर्यंतचा बाण पुसावा लागेल. शनी ग्रह म्हणून आधीपासून ठाऊक असला, तरी शनिवारी ज्याला तेल वाहतात आणि ज्याच्या साडेसातीला भितात तो शनी एवढा जुना नाही. यात कमीपणा कसला? त्याच शतकांत आर्यभटाने (इ.स. ४९९) बाहेरून आलेल्या कल्पना आणि आपले गणित एकत्र करून ज्योतिषशास्त्राला पार नवे रूप दिले. उलट दिशेने आपले नऊ अंक पश्चिमेकडे गेले, इ.स. ६६२ मध्ये सेवेरस सेबोख्त या सीरियातल्या विद्वान बिशपने त्यांची तोंड भरून स्तुती केली आहे. उसने घेतले आणि उसने दिलेही.

मातीतला पुरावा

आता वरचा बाण पाहू, म्हणजे सिंधू संस्कृतीपासून निघालेला. योगायोग असा, की सिंधू संस्कृतीचा धागा खरोखरच या जिल्ह्यात येऊन पोचलेला आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. शिंगणापूरपासून सरळ रेषेत ते पन्नास किलोमीटरही नाही. १९५८ साली या स्थळाचा शोध लागला आणि १९७९पर्यंत तीन टप्प्यांत उत्खनन झाले. तेथे सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक मिळाले. त्यांचा काळ साधारणपणे इ.स.पू. २२०० ते १०००. उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा आणि खापरेही मिळाली.

दायमाबाद गाजले ते मात्र चार धातुमूर्तींमुळे. १९७४ साली झाडाचे मूळ खणताना गावातल्या एका शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस असा ठेवा मिळाला. चारही मूर्ती भरीव असून त्यांचे एकत्र वजन साठ किलोहून अधिक आहे. मोहेंजोदडोच्या मुद्रेवर शिंगवाल्या आकृतीभोवती हत्ती, वाघ, गेंडा आणि रेडा आहेत. चारांपैकी तीन प्राणी येथेही! बाण काढण्याचा मोह कोणालाही व्हावा. काही अभ्यासकांनी रथातल्या माणसात पशुपती पाहिलाही.

पण हा ठेवा शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरात मिळालेला नाही. त्यामुळे त्याचा काळ थरावरून ठरवता येत नाही. धातूच्या पृथक्करणात आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त निघाले. येथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असा मिश्रधातू आढळत नाही, या कारणावरून डी. पी. अग्रवाल यांनी मूर्तींच्या प्राचीनतेबद्दल शंका घेतली. एस. आर. राव, म. के. ढवळीकर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्याच मानल्या. वाद मिटलेला नाही. जिचा काळच वादात आहे अशा वस्तूवर धर्माच्या इतिहासाचा खांब उभा करता येत नाही. दायमाबादचा सिंधू संस्कृतीशी असलेला संबंध मुद्रा आणि खापरे यांवर भक्कम उभा आहे; त्याला या मूर्तींच्या टेकूची गरजही नाही.

मोहेंजोदडोच्या मुद्रेचे काय? जॉन मार्शल यांनी १९३१ साली तिच्यावर आदिशिव पाहिला आणि तो पाठ्यपुस्तकांत स्थिर झाला. मार्शल यांची रीत अशी होती : आजच्या शिवाची लक्षणे घ्यायची आणि जुन्या चित्रात ती शोधायची. या रीतीने जे शोधू ते सापडतेच. डोरिस श्रीनिवासन यांनी सत्तरच्या दशकात यावर सविस्तर आक्षेप घेतला. अल्फ हिल्टेबाइटेल यांना त्याच आकृतीत रेडा, म्हणजे महिषाचे पूर्वरूप दिसले. सिंधू लिपी वाचता येत नाही, तोवर मुद्रेतला देव आपले नाव सांगणार नाही. २०१९ साली राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातील डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हाही ‘धर्माचा उगम कळला’ अशा बातम्या आल्या. डीएनएवरून पूर्वजांचे नाते कळते. ती कोणाला नमस्कार करत होती, हे कळत नाही.

‘अखंड’ या शब्दाचीही परीक्षा नेवाशाच्या मातीत झालेली आहे. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन केले. पुराश्मयुगातल्या दगडी हत्यारांपासून मुसलमानी-मराठा काळापर्यंत सहा कालखंड त्यांना मिळाले. ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली दोन मडक्यांची तोंडे जुळवून पुरलेली लहान मुले मिळाली. मग ही वस्ती उठली. पुढे सातवाहन काळात पुन्हा गाव वसले तोपर्यंत शेकडो वर्षांची पोकळी आहे. नव्या गावात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे मिळतात. होरा आणि राशी या देशात आल्या त्या साधारण याच व्यापाराच्या काळात, हे लक्षात घ्यावे. कार्ल्याच्या लेण्यात यवनांनी दिलेल्या दानांचे लेख याच सुमाराचे आहेत.

वस्ती उठली म्हणजे माणसे संपली असे नाही, हेही तितकेच खरे. ती गुरेमेंढ्या घेऊन फिरती झाली असतील आणि देवही बरोबर नेले असतील. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) या ग्रंथात हाच धागा पकडला. पुण्याच्या आसपास पायी हिंडून त्यांनी शेंदूर लावलेल्या देवींची ठाणी आणि सूक्ष्मास्त्रे, म्हणजे बारीक गारगोटीची हत्यारे, जवळजवळ सापडतात असे दाखवले. ही ठाणी मेंढपाळांच्या प्राचीन वाटांवर आहेत, असे त्यांचे म्हणणे. या कामाचे मोल मोठे आहे. पुस्तकांत दडलेला इतिहास त्यांनी रानात आणला. तरीही एक प्रश्न उरतो. पाणी, सपाटी आणि घाटाची वाट जेथे असते तेथे प्रत्येक काळातला माणूस थांबणारच. जागा तीच राहिली म्हणून पूजाही तीच राहिली, असे ठरत नाही. कोसंबी स्वतः गणिती होते. दोन गोष्टी एकत्र सापडणे आणि एकीतून दुसरी निघणे यांतला फरक त्यांना नक्कीच ठाऊक होता. त्यांचे नाव घेऊन लिहिणाऱ्यांनी तो नेहमीच पाळला असे नाही.

तुलनेसाठी इनामगावचे उदाहरण घ्यावे. तेथे एका घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत ठेवलेली शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल मिळाला. थर निश्चित, ठेवण हेतुपूर्वक केलेली. येथे ‘हे काहीतरी पूजेचे असावे’ असे म्हणायला आधार आहे. ती देवी कोणती, तिचे पुढे काय झाले, हे मात्र त्या डबीतून कळत नाही. पुरातत्त्वज्ञ तेथेच थांबला तर आम्हांला तो अधिक विश्वासार्ह वाटतो.

जवळचाच एक खांब

अर्थ कसा बदलतो, हे पाहायला नेवाशातच एक खांब आहे. ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो पैसाचा खांब. वारकऱ्यांना तो ज्ञानेश्वरांइतकाच प्रिय आहे. त्याच खांबावर एक शिलालेख कोरलेला आहे आणि त्यात करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. एका शिवमंदिराचा खांब पुढे संताचे स्मारक झाला. दगड तोच, जागा तीच, भाविकही त्याच मुलखातले. भक्तीचा विषय बदलला. लेख होता म्हणून हे आपल्याला कळले. लेख नसता तर ‘हा खांब प्रथमपासून ज्ञानेश्वरांचाच’ असे आपण निःशंकपणे म्हटले असते. शिंगणापूरच्या शिळेवर असा आधार नाही, तेव्हा तेथे जास्तच सावध राहायला हवे.

सावधपणा दोन्ही बाजूंनी हवा. ‘शिंगणापूर म्हणजे अलीकडे उठवलेले थोतांड’ असे म्हणणारे आमचे काही मित्र आहेत. त्यांच्याकडेही पुरावा नाही. येथली गर्दी अलीकडच्या काही दशकांत वाढली, हे खरे. त्यावरून पूजा अलीकडची ठरत नाही. पुरावा नसणे म्हणजे एखादी गोष्ट नसल्याचा पुरावा नव्हे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर याच गावाने दिले आहे. चौथऱ्यावर स्त्रियांनी चढू नये, ही रीत ‘शेकडो वर्षांची’ आहे, एवढ्या एका मुद्द्यावर वर्षानुवर्षे राखली गेली. नोव्हेंबर २०१५मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर गेली, तेव्हा शिळेला अभिषेक घालण्यात आला. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा हक्क असल्याचे सांगितले आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा स्त्रियांसाठीही खुला झाला. न्यायालयाने रीत किती जुनी हे मोजत न बसता आजचा कायदा पाहिला. आमच्या मते हेच योग्य होते. रीत खरोखरच पाच हजार वर्षांची निघाली असती, तरी त्या मुलीचा हक्क कमी झाला नसता. जुनेपणा ही माहिती आहे. तो न्याय नव्हे.

त्या तक्त्याकडे परत येऊ. आम्ही त्या मुलीला पुढे पत्र लिहून एवढेच सुचवले, की तक्ता फाडू नकोस. चित्रे राहू देत. बाण मात्र तीन रंगांत काढ. पुरावा आहे तेथे हिरवा, तज्ज्ञांत वाद आहे तेथे पिवळा, आणि नुसते सांगितले जाते तेथे तुटक रेघ. शिवाय पाँपेईहून आणि ग्रीसकडून येणारा एक बाण बाजूने जोड. दायमाबाद आणि नेवासा तुझ्याच जिल्ह्यातले आहेत, त्यांनाही जागा दे.

तिचे उत्तर आले. तिने लिहिले होते, “तुटक रेघा जास्त झाल्या, सर. पण आता तक्त्यापुढे मुलं जास्त वेळ थांबतात.”